दसऱ्याची छाटणी

“सगळ्यांची तारीख एकच कशी, पगारे?” बर्वे साहेबांनी फॉर्मांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला. गावातल्या एकूण एक द्राक्षबागेची छाटणी म्हणे दसऱ्याला झाली होती. मी कसंबसं हसू दाबलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गंगापूर रोडवर साहेबांचा कॉम्प्युटर ब्युरो होता. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही त्यांची कामं आम्ही करून द्यायचो. मी प्रोग्रामर. द्राक्षवाल्यांची एक सोसायटी आम्हाला प्रत्येक बागेच्या छाटणीची तारीख द्यायची. तिच्यावरून मशीन फवारणीचा तक्ता छापायचं. पण छाटणीची तारीख कळली की माल कधी तयार होणार, तेही कळतं. म्हणून बागाईतदार ती शेजाऱ्यालासुद्धा धड सांगत नाही.

आदल्या वर्षी एका व्यापाऱ्याने त्याच तारखांचं प्रिंटाउट मागितलं. मी नको म्हणत असताना साहेबांनी दिलं. माझा फार संताप झाला, पण नोकरी त्यांची होती.

हंगामात तो व्यापारी सोसायटीचे चेअरमन सुकदेवअण्णा यांच्या बागेत जाऊन म्हणाला, “अण्णा, तुमच्या छाटणीची तारीख माझ्याकडे आहे, या आठवड्यात माल काढावाच लागणार. मी नाही घेतला तर ठेवाल कुठे?” पिकलेली द्राक्षं वेलीवर थांबत नाहीत. अण्णांना पडेल भावात बाग द्यावी लागली.

नंतर ते ऑफिसात आले. “साहेब, आमच्या तारखा त्याला कशा मिळाल्या?”

“मशीन आमचं, कागद आमचा, टायपिंग आमचं. तारीख काय कुणाच्या मालकीची असते?”

“बरं,” म्हणून अण्णा उठले.

आणि आता हा गठ्ठा. साहेबांनी अण्णांना बोलावून घेतलं.

“अण्णा, डेटा खोटा आहे. तक्ते चुकतील ना!”

“नाय चुकायचे. दसऱ्यापासून आपली छाटणी किती मागंपुढं, ते ज्याचं त्याला ठाऊक हाय. तेवढे दिवस घरी मोजून घेऊ.”

“पण खरी तारीख द्यायला हरकत काय?”

“मशीन तुमचं, कागद तुमचा,” अण्णा शांतपणे म्हणाले. “तारीख तेवढी आमच्यापाशी राहू द्या.”

अण्णांच्या बागेचा सौदा त्या वर्षी त्यांच्या मनासारखा झाला. व्यापारी प्रिंटाउट मागायला आला होता. साहेबांनी काढून दिलं. वरपासून खालपर्यंत दसरा.

पुढे बऱ्याच ऑफिसांत काम केलं. डेटा हातात आला की मी आधी विचारते, देणाऱ्याने तो कशासाठी दिला होता? साहेब लोकांना हा प्रश्न अजूनही आवडत नाही.