चकचकीत सॅक्सोफोन

आज वसतिगृहाच्या आवारात सुतार जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस तापवत होता, आणि त्या वासाने मला लहानपणी पाहिलेली एरंडोलची एक वरात आठवली. वडील धुळ्याच्या एका बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. वरातीत सर्वांच्या पुढे चालण्याचा मान त्यांचा. बँडच्या मालकाने त्यांचा जुना, जड बाजा मोडीत देऊन नवा आणला होता. तो आरशासारखा चमकत होता, पण भोकांवरची झाकणं डुगडुगत होती आणि त्यांखालच्या कच्च्या चामड्याला मेलेल्या उंदरासारखी घाण येत होती. निघण्याआधी वडिलांनी सगळी झाकणं दाबून बिडीचा धूर आत फुंकला. तो प्रत्येक झाकणाखालून बाहेर आला. "हाऊ बाजा नही, घासलेटना डबा शे," ते म्हणाले. मालक हसला. "नाना, लोक देखतस, आयकस कोन? वाजाड." उन्हात बाजाचा मुलामा वडिलांच्या घामेजल्या बोटांना चिकटू लागला आणि वरच्या सुरावर बाजा नुसताच फुसफुसला. "बाजाले खोकला व्हयना का?" वऱ्हाडी खिदळले. वडील थुंकले. बाजा गळ्यातून काढून त्यांनी मालकाच्या हातात दिला आणि सर्वांच्या मागे जाऊन ताल धरायचा खुळखुळा वाजवू लागले. मालकाने बाजा आपल्या भाच्याच्या गळ्यात अडकवला. त्याला वाजवता येत नव्हतं. तो फक्त गाल फुगवत होता. तरी नवरदेवाच्या मामाने नोट ओवाळली ती त्याच्यावरूनच. वडील पुढे कायमचे खुळखुळ्यावरच राहिले. मला किळस त्या बाजाची येते की त्या नोटेची, हे अजूनही नीट सांगता येत नाही.