हात लावलेली विमानं

"सगळं छान आहे काका, फक्त ते एक पान काढा," असं वीणाताई म्हणाल्या तेव्हाच मी ओळखलं, आता या तिकिटांच्या प्रदर्शनाचं काही खरं नाही. वीणाताई आमच्या छंद मंडळाच्या अध्यक्ष. बाई गोड आहेत, पण केरूमामा त्यांच्या वाट्याला अजून आला नव्हता.

केरूमामा माझ्या आईचा चुलतभाऊ, खेड तालुक्यातला. ऐन तारुण्यात शारजाच्या विमानतळावर माल चढवायला आला, गुडघे गेल्यावर दुबईत अल क्वोजमधल्या एका गोदामात स्टोअरकीपर झाला आणि आता कायमचा गावी निघालाय. हमाली केलेला माणूस म्हटलं की लोकांना मान खाली घालून बोलणारा कुणीतरी गरीब बिचारा हवा असतो. मामा तसला नाही. तो भांडकुदळ आहे, बढाईखोर आहे आणि रविवारी शारजात अल मजाजला आमच्याकडे जेवायला आला की आमटीला नावं ठेवल्याशिवाय पानावरून उठत नाही. मला तो फार आवडतो.

त्याला नाद एकच, हंगेरीच्या पोस्टाच्या तिकिटांवरची विमानं. हंगेरीच का, तर शारजाच्या रोला बाजारातल्या एका दुकानात जुन्या तिकिटांची पाकिटं मिळायची आणि त्यात हंगेरीचं पाकीट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात रंगीत असायचं. तिकिटांवर खरीखुरी विमानं होती. इल्यूशिन, टुपोलेव्ह, डीसी-आठ. आणि नव्वदच्या दशकात शारजाला नेमकी हीच म्हातारी विमानं उतरायची. रशियन बायका तिकडे विकायला टीव्ही, ब्लँकेटं, चामड्याची जाकिटं खच्चून भरून न्यायच्या, आणि ते सगळं विमानाच्या पोटात रचायचं काम मामा आणि मुरलीधर करायचे.

मुरलीधर गुहागरचा. मामाची आणि त्याची खोली एक, पाळी एक, आणि तिकिटांचं पाकीटही दोघांत एकच. मग भांडणं आलीच. शेवटी दोघांनी नियम केला: ज्या जातीच्या विमानाच्या पोटात जो आधी शिरेल, ते तिकीट त्याचं. नुसतं बघून चालणार नाही, हात लागला पाहिजे. आणि पुरावा म्हणून तिकीट चिकटवायचं ते त्या विमानात चढवलेल्या मालाच्या जादा लेबलावर, गव्हाच्या पिठाच्या खळीने; एका विमानाचं एक पान.

तिकिटं जमवणाऱ्यांना हे ऐकूनच घेरी येते. आमच्या मंडळातला राहुल तर कपाळावर हात मारून म्हणाला, "अंकल, खळ? यू कान्ट डू दॅट! व्हॅल्यू झीरो झाली ना!"

"विकतोय कोण?" मामा म्हणाला. "आणि तुझी ती चिमट्याने धरलेली तिकिटं बघ. एका तरी विमानाला हात लावलायस का रे?"

पाकिटात कॉन्कॉर्डचंही तिकीट होतं, सगळ्यात देखणं. ते दोघांनी कुणालातरी देऊन टाकलं, कारण कॉन्कॉर्डला हात लागण्याची शक्यता नव्हती. अशा माणसांना समजावणार काय!

वीणाताईंना नको होतं ते पान एअरबस ए-तीनशेचं. ही एअरबस मुंबईच्या फेरीला असायची आणि तिच्यावर दुसरी टोळी होती, त्यामुळे ते तिकीट बरीच वर्षं दोघांपैकी कुणाचंच नव्हतं. मग एका सकाळी मुरलीधर झोपेतून उठलाच नाही. त्याची तिकिटं त्याच्या कपड्यांबरोबर गुहागरला गेली आणि तो मुंबईच्या विमानाने. मामा सुपरवायझरशी भांडून त्या टोळीत घुसला. पेटी त्याने डोक्याच्या बाजूने धरली, आत लोटली आणि मागून स्वतः चढला.

"साला, तिथंही माझ्या आधी शिरला," मामा मला एकदा म्हणाला.

त्या पेटीच्याही अशाच जादा लेबलावर 'ह्यूमन रिमेन्स' असं छापलंय आणि खाली मुरलीधरचं पूर्ण नाव आहे. शेजारी खळीने चिकटवलेली हंगेरीची एअरबस. वीणाताईंचं म्हणणं, दिवाळीचे दिवस आहेत, लहान मुलं येणार, लोक आनंदाला येतात, त्यांना हे कशाला दाखवायचं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या शहरातल्या किती घरांतली माणसं अशी परत गेलीत, हे सगळ्यांना माहीत आहे. फक्त समोसे खाताना ते दिसायला नको.

मामाला मात्र हे पान लावायचंच होतं. पुढच्या आठवड्यात तो जाणार होता. इतक्या वर्षांत मुरलीधरचं नाव या देशात कुठे लागलं नव्हतं, ते एक दिवस तरी लागावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

प्रदर्शन दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका हॉलमध्ये होतं. तिकीटवाल्यांचा एक दंडक आहे, दुसऱ्याच्या पानाला कुणी हात लावायचा नाही, ज्याचं पान त्यानेच काढायचं. म्हणून वीणाताईंनी काचेच्या फ्रेमची किल्ली मामाच्या हातात दिली.

"काका, प्लीज. अर्ध्या तासात पाहुणे येतील. तुम्हीच काढा."

"काढतो की," मामा म्हणाला. "यल्ला, चला."

मला त्याचा इतका राग आला! आयुष्यभर भांडला आणि ऐन वेळी या बाईसमोर नमला? माझी लेक तनया शेजारी उभी होती. ती म्हणाली, "बट इट्स नॉट ईव्हन स्केअरी, मम्मा." मी तिला गप्प केलं, कारण मला रडू फुटत होतं.

मामाने काच उघडली आणि पहिलं पान काढलं. इल्यूशिन-अठरा. मग टुपोलेव्ह, मग डीसी-आठ. एकेक पान काढून तो तनयाच्या हातांवर ठेवत गेला. वीणाताई म्हणाल्या, "अहो काका, ही नाही, ही राहू द्या." राहुल धावत आला. मामाने ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी एवढ्या मोठ्या रिकाम्या फ्रेममध्ये मधोमध एअरबसचं पान तेवढं उरलं. आता हॉलच्या दारातूनही पहिली नजर तिथेच जात होती.

त्याने काच लावली, कुलूप घातलं, किल्ली वीणाताईंच्या हातात ठेवली.

"माझी होती ती काढली. खलास," तो म्हणाला. "ते मुरल्याचं आहे. त्याला विचारा आणि काढा."