हाडमास्तरांचा पेला

दवाखान्यातल्या प्लास्टरच्या खोलीत तो अठ्ठावीस वर्षं हाडं बांधत होता आणि तेवढीच वर्षं चिडलेला होता. लोक त्याला हाडमास्तर म्हणत, कारण शिकवणी घेतल्याशिवाय तो कुणाला सोडत नसे. सगळ्यात जास्त राग पन्नाशीच्या बायकांवर. ओल्या लादीवर जरा पाय घसरला की यांचं मनगट काडीसारखं मोडतं, आणि विचारावं तर म्हणे नशीब! कसलं डोंबलाचं नशीब? दूध पिता का, पालेभाजी-डाळ पोटभर खाता का, उन्हात बसता का, असं तो दरडावून विचारी. सगळ्यांना वाढून भांड्याच्या बुडाशी उरेल ते खायचं, मग हाडं पोकळ होणार नाहीत तर काय? बायका मान खाली घालून ऐकत आणि बाहेर पडल्यावर म्हणत, मेल्याच्या जिभेला हाड नाही.

एका मंगळवारी शेजारीण त्याच्याच बायकोला घेऊन आली. कपडे धुताना न्हाणीघरात घसरली होती. उजवं मनगट गेलं होतं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि स्पष्ट सांगितलं की हाडं पार विरळ झाली आहेत, पुन्हा पडल्या तर खुब्याचं हाड मोडेल, मग उठणं अवघड.

त्यानं मनगटाला कापूस गुंडाळला, प्लास्टरची पट्टी पाण्यात बुडवून पिळली आणि सवयीनं तोंड सुरू केलं.

"शेवटचं दूध कधी प्यालीस?"

"घरात अर्धा लिटर येतं," ती म्हणाली. "तुमचा पेला भरला की चहापुरतं उरतं."

शेजारीण भिंतीकडे बघू लागली. तो पट्टी हातात धरून तसाच उभा राहिला, इतका वेळ की ती हातातच कडक झाली. ती फेकून त्यानं दुसरी भिजवली. असं त्याचं कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी तिनं डाव्या हातानं दूध तापवलं आणि त्याचा स्टीलचा पेला काठोकाठ भरून पुढे ठेवला. तेव्हा मात्र त्याचा तोल गेला. "अक्कल आहे का तुला? अठ्ठावीस वर्षं मी कानीकपाळी ओरडतोय!"

"दवाखान्यात ओरडताय," ती शांतपणे म्हणाली. "घरी एकदा तरी विचारलंत?"

त्याला आईचा राग आला, आधी त्याचा पेला भरायची ही रीत तिनंच घालून दिली होती. सासूचा आला. पण त्या दोघी केव्हाच गेल्या होत्या, आणि पेला त्याचा होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. स्वतःच्या थोबाडीत मारावी असं त्याला वाटलं.

त्यानं पेला तिच्यापुढे सरकवला. दोन घोट घेऊन तिनं तो खाली ठेवला. आता पोटाला सोसत नाही, म्हणाली. मग उरलेल्या दुधाला त्यानं स्वतः विरजण लावलं. सकाळी दही आणि पालेभाजी आधी तिला वाढली आणि ती जेवेपर्यंत समोर बसून राहिला.

त्या दिवशी प्लास्टरच्या खोलीत पहिलीच आली ती मनगट मोडलेली एक बाई. नवरा दाराशी उभा होता. तिनं आधीच मान खाली घातली होती. हाडमास्तरानं पट्टी पाण्यात बुडवली आणि नवऱ्याकडे वळून विचारलं, "तुमचा पेला केवढा आहे हो?"