पडद्यावर झुलणारी गुठळी

इकोच्या अंधाऱ्या खोलीत पडद्यावर ह्यांचं हृदय उघडमीट करत होतं. उजव्या कप्प्यात काहीतरी पांढुरकं झुलत होतं, संथ पाण्यातल्या शेवाळासारखं. मी बघतच राहिले.

"रक्ताची गुठळी आहे, पायातून वर आलीय," डॉक्टर म्हणाले. "प्लास्टरमध्ये किती दिवस झोपून होते?"

महिनाभर. जेवणाचं ताट, वर्तमानपत्र, दाढीचं पाणी, सगळं मी खाटेवरच दिलं. "तुम्ही मुळीच हलायचं नाही," असा माझा दम. तो रक्तानंही ऐकला असावा.

मग शिरेतून औषध थेंबथेंब उतरत राहिलं आणि गुठळी विरघळली.

आज घरी ह्यांनी खाटेवरून चहा मागितला. कप ओट्यावर ठेवून मी म्हटलं, "इकडे या." दाराशी पावलं वाजेपर्यंत माझा हात कपावरच होता.