कात्रीदादा आणि समोरासमोरचे आरसे

कात्रीदादाच्या बायकोनं त्याच्या डोक्यात तवा घातला, ही बातमी सकाळच्या दुधाच्या आधी गल्लीत पोचली. पुराव्याला त्याच्या डोक्याभोवतीची पांढरी पट्टी होती, शिवाय सलूनला कुलूप. कुणी म्हणालं, तवा नव्हे, कुकरचं झाकण. शेवटी दुपारी वहिनींनीच गॅलरीत कपडे झटकता झटकता खुलासा केला, "तवा माझा जागेवर आहे. ह्यांनीच डॉक्टरकडे जाऊन डोक्यामागचे केस काढून पुढे लावून घेतलेत. रोपंही घरची, शेतही घरचं." गल्ली हिरमुसली. तव्यात जी मजा होती ती शेतीत कुठली?

कात्रीदादा म्हणजे कोपऱ्यावरचा सलूनवाला. लोकांच्या केसांवर त्यानं घर उभं केलं, पण स्वतःच्या डोक्यावरचं छप्पर तिशीतच उडालं. गंमत अशी, की त्यामुळे धंद्याचं वाईट न होता भलंच झालं. टक्कल पडलेला माणूस सलूनात शिरतो तो जरा चोरासारखाच. उरल्यासुरल्या केसांसाठी खुर्ची अडवतोय असं त्याला वाटत असतं. इथे कात्री धरणाराच चकचकीत, मग लाजायचं कुणाला?

अशांतले सगळ्यात जुने म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. रविवारची पहिली खुर्ची त्यांची. कानामागची झालर सारखी करायला कितीसा वेळ लागणार, पण दोघं मिळून गप्पांत सकाळ काढायचे. "आपला एकच पंथ रे," पोस्टमास्तर म्हणायचे, "फणीचा खर्च नाही, वाऱ्याची भीती नाही."

घोटाळा केला तो आरशानं. सलून नवं केलं तेव्हा दादानं हौसेनं मागच्या भिंतीवरही आरसा लावला. गिऱ्हाइकाला बसल्या जागी आपली मान दिसावी, एवढाच हेतू. मान दिसली, लोक खूश झाले. पण दोन आरशांच्या मधे दिवसभर उभा कोण? दादा! पुढच्या आरशात मागचा, मागच्यात पुढचा, आणि प्रत्येकात दादाचा भोवरा, म्हणजे टाळूमागचा टकलाचा गोल. आधी बशीएवढा, मग वाटीएवढा, मग बटणाएवढा, अशी रांग थेट भिंतीच्या पोटात गेलेली. गिऱ्हाईक आपलं डोकं घटकाभर बघतं आणि उठून जातं. दादाला उठून जायची सोय नव्हती.

एका रविवारी पोस्टमास्तरांच्या कानामागे वस्तरा फिरवताना त्याची नजर अशीच आरशात गेली. भोवरा आज जरा पसरल्यासारखा वाटतोय का? तेवढ्यात पोस्टमास्तर "आई गं!" म्हणून ओरडले. कानाच्या पाळीवर रक्ताचा थेंब. दादाच्या हातून आजवर कुणाला ओरखडाही आला नव्हता.

"असू दे रे," पोस्टमास्तर हसले, "आपल्याकडे कापायला कानांशिवाय उरलंय काय?"

दादाही हसला. पण तुरटी लावून झाल्यावर त्यानं केस लावणाऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी डोक्याची मागची बाजू चाचपली आणि स्पष्टच सांगितलं. मागचा साठा संपणारा आहे. पुढे लावण्यापुरते केस निघतील, भोवऱ्यासाठी उरणार नाहीत. तिथे जखमा पुरत्या भरल्यावर सुईनं रंगाचे बारीक ठिपके टोचायचे, कापलेल्या केसाच्या टोकाएवढे. केस बारीक ठेवले की डोकं भरलेलं दिसतं.

"म्हणजे पुढे शेत आणि मागे शेताचं चित्र," दादा म्हणाला.

कपाळावरची रेघ मात्र त्यानं हट्टानं स्वतःच आखली. आयुष्यभर पोरांच्या कपाळावर रेघा काढल्या होत्या, तशीच सरळसोट काढली. दवाखान्यात ठिपके टोचायचं काम करणारी मुलगी बघत राहिली. "काका, रेघ झकास आहे. पण ती तुमच्या भाच्याची आहे. तुम्ही सत्तरीला पोचाल आणि ही बसेल विशीतच."

 दादानं रेघ पुसली, वर सरकवली आणि दोन्ही कडांना वयाला शोभतील अशा खाचा ठेवल्या.

लावलेले केस काही आठवड्यांत गळाले, तेव्हा गल्लीनं मोठ्या आनंदानं हळहळ व्यक्त केली. ते गळतात आणि मुळातून परत येतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. सावकाश का होईना, आले. मग सुई फिरली आणि भोवराही झाकला गेला.

पोस्टमास्तर मात्र फिरकेनात. तव्याची बातमी होती तोवर त्यांनी आपुलकीनं चौकशी केली होती. खरी बातमी कळली तसे ते चौकापलीकडच्या सलूनात जाऊ लागले. दुसरं कुणी गेलं असतं तर दादानं खांदे उडवले असते. आता रविवारची पहिली खुर्ची तो रिकामीच ठेवायचा.

"त्यांना वाटलं असणार, मला टकलाची लाज वाटली," तो वहिनींना म्हणाला. "म्हणजे त्यांचीच लाज वाटली."

"अहो, मग जाऊन सांगा की खरं काय ते."

"काय सांगू? हातात वस्तरा आणि नजर स्वतःच्या टाळूवर होती म्हणून?"

"तेच सांगा."

पण जीभ उचलेना. कारागिरानं असलं कबूल करायचं म्हणजे वस्तरा खाली ठेवण्यासारखंच.

शेवटी पलीकडच्या सलूनवाल्यानंच काम सोपं केलं. त्यानं पोस्टमास्तरांना अदबीनं विचारलं, "काका, पॉलिश मारू का?" पुढच्या रविवारी पोस्टमास्तर दादाच्या दारात हजर. सरळ जाऊन खुर्चीत बसले. आरशातून दादाचं डोकं न्याहाळलं. मग त्याला खाली वाकायला लावून, बोट ओलं करून भोवऱ्यावर घासून पाहिलं. बोट कोरं ते कोरंच.

"पक्का आहे रंग," ते म्हणाले. "पण खोटंच ना रे शेवटी? आमच्यात राहायची एवढी लाज वाटली तुला?"

दादानं वस्तरा पुसला आणि त्यांच्या कानामागे नेला.

"ठिपके खोटेच आहेत, साहेब. पण तुमचा कान कापला तेव्हा मी आरशात माझा भोवरा बघत होतो. आता तिथे बघायला काही नाही, म्हणून तुमच्या कानाकडे बघतोय. मान सरळ ठेवा."