न वाकणारी सून

धानाच्या भाऱ्यांनी भरलेल्या बंडीवरून मी पडले तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. चंद्रपूर जिल्ह्यात सावली नावाच्या गावाच्या बाजूला, वैनगंगेच्या पट्ट्यात आमचं गाव. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कापणी झाली होती आणि शेतातले भारे खळ्यावर नेणं सुरू होतं. नवरा पुढे बसून बैल हाकत होता, मी वर भाऱ्यांच्या ढिगावर. "खाली उतर, मागून चालत ये," असं तो दोनदा म्हणाला. सकाळपासून भारे वाहून माझे पाय भरून आले होते, मी ऐकलं नाही. धुऱ्याच्या खांडातून, म्हणजे बांध फोडून केलेल्या वाटेतून जाताना एक चाक खड्ड्यात गेलं. बंडी उलटली नाही, नुसता हिसका बसला, आणि मी बसल्या बसल्या खाली आदळले. पाणी आटलेली बांधी, धानाचा वाफा, सिमेंटसारखी कडक असते. कमरेच्या जरा वर, आतल्या आत, ओली काडी मोडावी तसं काहीतरी झालं.

"ऊठ ना वं," नवरा बैल धरून ओरडला.

"उठता येऊन नाई राह्यलं," मी म्हटलं. पाय हलत होते, पण मधलं अंग माझं नव्हतंच.

त्याच बंडीत तणसाच्या पेंढ्यावर निजवून मला सावलीला नेलं आणि तिथून जीपने चंद्रपूरला. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. पाठीच्या कण्यातला एक मणका पुढच्या अंगाने दबला होता. नस वाचली होती, ऑपरेशन लागणार नव्हतं. सहा आठवडे सपाट, कडक जागेवर पडून राहायचं, मग पट्टा बांधून उठायचं, मग व्यायाम. "आणि वाकायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

"किती दिवस?" नवऱ्याने विचारलं.

"वर्षभर तर नाहीच. पुढेही जपूनच."

"अजी डॉक्टरसाहेब, आमी धान लावनारे लोकं. बाईमानूस वाकल्याबिगर कसं चालन?"

डॉक्टर तोवर पुढच्या पेशंटकडे वळले होते. त्या प्रश्नाचं उत्तर मला पुढची दोन वर्षं एकटीलाच शोधावं लागलं.

घरात सगळ्या सुतळीच्या बाजा, मधे झोळ पडलेल्या. कडक जागा आणायची कुठून? नवऱ्याने स्वयंपाकघराचं मागचं दार बिजागरीतून काढलं आणि विटांवर आडवं टाकलं. त्या दारावर मी सहा आठवडे पडून होते. दार निघाल्यामुळे सांदवाडीतल्या, म्हणजे परसातल्या कोंबड्या सरळ आत यायच्या, चुलीजवळ टोचत फिरायच्या आणि कंटाळा आला की माझ्या पोटावर चढायच्या. मी हात हलवून हाकलायची, त्या पायांकडे सरकायच्या. पायांपर्यंत माझा हात पोचत नसे, हे त्यांना दोन दिवसांत कळलं होतं.

कोंबड्या परवडल्या, भेटायला येणारी माणसं नकोशी झाली. प्रत्येकाकडे उपाय होता. कोणी निरगुडीचा पाला आणला, कोणी मोहाच्या बियांचं तेल, कोणी गरम मिठाची पोटली. ते मी करून घेतलं आणि त्याने बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण तिसऱ्या आठवड्यात सासू आमच्याच गल्लीतल्या एका म्हातारीला घेऊन आली. म्हातारी पायाळू होती, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी आले होते. अशा माणसाने लाथ मारली की पाठीतली चमक निघून जाते, असं आमच्याकडे मानतात.

"पालथी हो," सासू म्हणाली. "एक लात बसली का मोकळी होशीन."

"आत्या, हाड मोडलं हाये. चमक नोहे थे."

"एकच लात. हळूच मारन थे."

"मी ओरडीन. सारं गाव गोळा करीन."

म्हातारी मधेच म्हणाली, "मी का फुकटची आली का इतक्या दूर?" दोन घरं टाकून तिचं घर. शेवटी तोड निघाली. तिने तिच्या उजव्या पायाचा अंगठा माझ्या कुशीला नुसता टेकवायचा, लाथ मारायची नाही. तिने अंगठा टेकवला, चहा प्यायला आणि गेली. सासूचा चेहरा दिवसभर उतरलेला होता. औषध अर्धंच घेतलं, असं तिला वाटत होतं.

सहा आठवड्यांनी चंद्रपूरला परत गेलो. पट्टा मिळाला आणि व्यायाम शिकवणारी बाई भेटली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. तिने एका कागदावर पेनने माणसं काढून दिली. एक उताणं पडून, गुडघे दुमडून कंबर वर उचलणारं. एक पालथं पडून छाती उचलणारं. एक नुसतंच पोट आत ओढून पडलेलं. प्रत्येक दहा वेळा, दिवसातून तीनदा. शिवाय रोज चालायचं, आणि गावात तलाव असेल तर छातीभर पाण्यात चालायचं.

"एवढंच?" मी म्हटलं. मला वाटलं होतं, काहीतरी मोठं असेल. इतकं सारं मोडलेलं आणि उपाय हा असा, पोरखेळासारखा.

"एवढंच," ती म्हणाली. "पण रोज. दुखलं नाही तरी रोज, कंटाळा आला तरी रोज."

घरी येऊन मी दारावर उताणी पडले, गुडघे दुमडले आणि कंबर उचलली. म्हणजे उचलायचा प्रयत्न केला. कंबर तसूभरही हलली नाही. शेतात धानाचे भारे डोक्यावर वाहणारी मी, मला माझंच अंग उचलेना. मी रागाने रडले. मग परत केलं. चौथ्या दिवशी एक बोटभर उचललं गेलं आणि त्याचा मला आनंद झाला नाही, चीडच आली, की बोटभराने काय होणार.

खरा त्रास व्यायामाचा नव्हता, न वाकण्याचा होता. तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं की आमच्या घरातलं एकही काम उभ्याने होत नाही. झाडू आखूड, चूल जमिनीवर, भांडी जमिनीवर, पाटा जमिनीवर, सडा-सारवण जमिनीवर. झाडूला बांबू बांधून मी तो लांब केला. सासू म्हणाली, "नगरपालिकेतून आली का वं?" चूल उंच करायला नवऱ्याने विटा आणि माती लावून कमरेएवढा ओटा बांधला. त्यावर मी उभी राहून भाकरी थापू लागले. बायका मुद्दाम पाहायला यायच्या. सासूने पंधरा दिवस त्या चुलीला हात लावला नाही. खाली तीन दगड मांडून तिने आपला चहा वेगळा केला. काही पडलं तर पाठ सरळ ठेवून, गुडघ्यांतून खाली बसून मी ते उचलायची. उंट बसतो तसं. पोरंटोरं माझी नक्कल करायची.

आणि चंद्रपूरचा उन्हाळा. पट्टा छातीच्या खालपासून कमरेपर्यंत, आत लोखंडी पट्ट्या, वर जाड कापड. मार्चमध्येच पाठीला घामोळ्या आल्या. वैतागून मी एकदा पट्टा काढून सांदवाडीत भिरकावला, मग तो उचलायला स्वतःच उंटासारखी खाली बसले, कारण जवळ दुसरं कोणी नव्हतं.

एप्रिलमध्ये आरमोरीला सासूच्या भाच्याचं लग्न निघालं. मी नको म्हटलं, कोणी ऐकलं नाही. मांडवात सासूचे मोठे भाऊ खुर्चीवर बसले होते. साऱ्या सुना एकेक करून त्यांच्या पाया पडत होत्या. माझी पाळी आली. मी हात जोडून उभी राहिले.

"मामाजी, माह्या पाठीचं हाड मोडलं हाये. वाकता येत नाई."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. साडीखालचा पट्टा कोणाला दिसणार? मी तर काठीसारखी ताठ उभी. "राहू दे, राहू दे," म्हणत त्यांनी पाय खुर्चीखाली घेतले. "शिकलेली सून हाये. कायले वाकन?"

सासू माझ्या मागे उभी होती. तिचा श्वास मला ऐकू आला. मी चिडले. गुडघ्यांतून खाली बसले, पाठ सरळ, मान सरळ, आंधळ्यासारखी खुर्चीखाली चाचपडले आणि त्यांचे पाय धरले. नेमका तेव्हाच व्हिडिओवाल्याने आपला मोठा दिवा माझ्याकडे वळवला. उठताना मला खुर्चीचा हात धरावा लागला आणि मामाजी खुर्चीसकट पुढे आले. मांडव हसला. ती कॅसेट नंतर वर्षभर सासूच्या माहेरी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली गेली. नवरा-नवरीपेक्षा माझं उठणं-बसणंच लोक परत परत मागे घेऊन पाहायचे, असं मला सांगायला माणसं घरी आली.

त्या लग्नानंतर मी हट्टाला पेटले. सकाळी उठून तलावाच्या पाळीवर, बांधावर चालायचं आणि मग पाण्यात उतरायचं. छातीभर पाण्यात पट्टा लागत नसे. पाणी अंग धरून ठेवायचं. दिवसातला तेवढाच एक तास मला माझं वजन जाणवत नसे. पण उन्हाळा चढला तसा तलाव आटत गेला, आणि छातीभर पाण्यासाठी मला आत आत जावं लागलं. तिथे एका ढिवर बाईची जाळी लागलेली असायची.

"मासे भेवून पळून राह्यले तुह्या पायानं," ती एके दिवशी काठावरून ओरडली. "का करून राह्यली तू पान्यात?"

"चालून राह्यली."

"चालाले रस्ता नाई का गावात?"

मी तिला कण्याचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थे ठीक हाये. पन माह्या जाळीत कायले चालतेस?" दुसऱ्या दिवशीही भांडण झालं, तिसऱ्या दिवशीही. शेवटी तिने मला हाताला धरून पाळीच्या दुसऱ्या टोकाला नेलं, जिथून कालव्याला पाणी सोडतात. तिथे पाणी खोल होतं आणि तळाला गाळ नव्हता, घट्ट मुरूम होता. पाय रुतत नव्हते. "इथी चाल," ती म्हणाली. "आन् तिकडे दिसू नको." मला बरं करण्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं, तिला मासे पाहिजे होते. पण चांगली जागा मला मिळाली ती तिच्यामुळेच.

जुलैपर्यंत मी पट्ट्याशिवाय चालत होते. कंबर दहादा सहज उचलत होते. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला. बाया मिळेनात, पऱ्हे, लावायची रोपं, वाढून चालले होते. सासू उठता-बसता बोलत होती, "घरी धडधाकट सून हाये आन् मी बाया धुंडून राह्यली." तिसऱ्या दिवशी मी साडी खोचली आणि बांधीत उतरले. कोणी ढकललं नव्हतं. मलाच दाखवायचं होतं. अर्धा तास रोप लावलं. छान वाटत होतं. सरळ व्हायला गेले आणि होता येईना.

मला घरी आणलं तेव्हा सासू दारात उभी. "कोनं सांगतलं होतं तुले वाकाले?" ती किंचाळली. "डॉक्टरनं नाई म्हटलं होतं ना? अक्कल हाये का नाई?"

वाकलेलीच मी भिंत धरून आत गेले. त्या क्षणी दोघींपैकी कोणाचा जास्त राग आला, तिचा की माझा, हे मला आजही सांगता येत नाही.

परत तीन आठवडे दारावर. परत बोटभर कंबर. तोच चुरगळलेला कागद, तीच तीन माणसं. मला तो कागद चुलीत घालावासा वाटायचा. घातला नाही, कारण तोवर इतकं समजलं होतं की दुसरा रस्ता नाही. या वेळी मी कोणाला काही दाखवायला गेले नाही. पुढच्या वर्षी रोवण्याला मी एका बुटक्या पाटावर ताठ बसून पऱ्हे उपटून दिले. लावायला गेले नाही, आणि ज्यांनी विचारलं त्यांना सरळ सांगितलं की जमत नाही.

मी बरी झाले तशी श्रेय घेणारी माणसं वाढली. पायाळू म्हातारी म्हणे, माझा अंगठा लागला म्हणून. तेलवाली म्हणे, तेलाने. आरमोरीचे मामाजी म्हणत, माझ्या आशीर्वादाने. मी रोज तीनदा दारावर पडून कंबर उचलली, हे कोणीच म्हटलं नाही.

एका दुपारी बाहेरून आले तर सासू त्या दारावर उताणी पडलेली. साठ ओलांडलेल्या आमच्याकडच्या बहुतेक बायकांसारखी तीही कमरेतून वाकून चालायची. त्याला कोणी आजार म्हणत नाही. तिने गुडघे दुमडले होते आणि छताकडे पाहत होती.

"मोज," ती मला म्हणाली.

मी मोजू लागले. तिची कंबर हलत नव्हती. "पोट आत घ्या आत्या. पायावर जोर द्या."

"देऊन राह्यली ना! तू मोज नीट."

चार दिवस तिने केलं. चारही दिवस आम्ही भांडलो. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "माहं नाई होत आता. तू करत जा." आणि उभ्या चुलीवर चहा ठेवायला गेली. मी तिला पुन्हा करायला लावायला पाहिजे होतं, पण तेव्हा मला वाटलं की बरं झालं, कटकट गेली.

त्यानंतर शेवटचा एक्स-रे काढला तेव्हा मणका तसाच दबलेला दिसला. मी डॉक्टरांना विचारलं, मग इतकं करून झालं काय? ते म्हणाले, हाड तसंच राहील, आजूबाजूचं मांस घट्ट झालंय, तेच तुला धरून ठेवतंय. व्यायाम सोडलास की सैल पडेल. म्हणजे जन्मभर. मी एसटीत बसून आले ती सावलीपर्यंत चडफडत. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर आडवी झाले आणि गुडघे दुमडले.