बिनमिठाचं ताट

वजन कमी करायचं तर मनाचा निश्चय लागतो, असं जो कोणी मला सांगतो, त्याला एकदा आमच्या आईनं वाढलेल्या ताटासमोर बसवायचं आहे. बघू किती वेळ टिकतो निश्चय. मोबाईलवर रोज सकाळी कोणी ना कोणी उगवत्या सूर्याचं चित्र पाठवतं आणि खाली लिहितं, आजच सुरुवात करा. ऑफिसच्या जिन्यावर मला धाप लागलेली बघून एका सहकाऱ्यानं तर तोंडावर सांगितलं की मॅडम, तुमच्यात मोटिवेशनची कमी आहे. मोटिवेशन म्हणे! माझा सख्खा धाकटा भाऊ एक दिवसाआड डायलिसिसच्या खाटेवर पडून असायचा आणि माझी किडनी त्याला जुळते हे तपासण्यांमधून कळलं होतं. याच्यापेक्षा मोठं मोटिवेशन कोणत्या दुकानात मिळतं ते त्यानं सांगावं. आणि तरीही माझं वजन वाढतच होतं.

आमचं घर कोष्ट्यांचं. वडिलांनी शेवटपर्यंत माग चालवला, पण आम्ही दोघांनी तो धरला नाही. भाऊ लकडगंजात लाकडाच्या ठोक दुकानात हिशेब बघायचा, मी सरकारी ऑफिसात फायली सरकवते. मी लग्न केलं नाही. राहते एकटीच, पण आई आणि भाऊ-भावजय एक गल्ली सोडून, त्यामुळे रात्रीचं जेवण नेहमी त्यांच्याकडे. भावाचं बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं होतं आणि त्यानं ते अंगावर काढलं. दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा आम्हाला कळलं. आईचं वय झालेलं, भावजयीला शुगर. उरले मी.

रामदासपेठेतले डॉक्टर अगदी हळू बोलणारे. त्यांनी मला समजावून सांगितलं की किडनी चांगली आहे, पण एवढ्या वजनावर मी तुम्हाला ऑपरेशनच्या टेबलावर घेणार नाही. उपास करून नाही, औषधं घेऊन नाही, जेवून-खाऊन हळूहळू वजन उतरवा. आणि उतरलेलं उतरलेलंच राहिलं पाहिजे, कारण पुढचं आयुष्य तुम्हाला एकाच किडनीवर काढायचं आहे. भाऊ शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होता. घरी येऊन मी सगळ्यांना हे जसंच्या तसं सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि दुसऱ्याच दिवशी आईनं डिंकाचे लाडू वळायला घेतले. डिंक, खारीक, खोबरं, तूप, जे काही बाळंतिणीला देतात ते सगळं. मी म्हटलं, हे कोणासाठी? तर ती म्हणाली, "अवं, अंगातला तुकडा काढून देऊन राहिली तू. आधी भरून तं घे."

आईच्या हिशेबात अंगातून काही बाहेर पडणं म्हणजे बाळंतपण, आणि बाळंतपण म्हणजे खुराक. वजन कमी करायचं हे तिनं ऐकलं होतं, पण ते तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं. देणारी बाई रोड झाली तर देईल काय, असं तिचं म्हणणं. मी ओरडायचे, ती तेवढ्यापुरती गप्प बसायची आणि पुन्हा ताटलीत लाडू ठेवायची. पालथ्या घड्यावर पाणी. माझं बाळंतपण करायला तिला कधी मिळालंच नव्हतं. तो सगळा डिंक तिनं इतकी वर्षं मनात साठवून ठेवला होता की काय कोण जाणे. म्हणून मी खायचे. हेही मला आठवलं की राग येतो.

बरं, ती एकटी नव्हती. कुहीची मावशी घरचं तूप घेऊन आली. भावजयीच्या माहेरून काजू-बदाम आले. जो येईल तो माझा हात हातात घेऊन म्हणायचा, तब्येतीले जप, भावाचा जीव तुझ्या हातात हाय, आणि लगेच पिशवीतून काहीतरी गोड काढायचा. नाही म्हटलं की चेहरा उतरायचा. आमच्याकडे पाहुण्याच्या हातचं परत करणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. माझ्या वजनाचं पुढे काय होणार याची काळजी त्यांच्यापैकी एकालाही नव्हती. त्यांना फक्त काहीतरी दिल्याचं समाधान पाहिजे होतं.

पण सगळ्यात जास्त मला कोणी खाऊ घातलं असेल तर ते माझ्या भावानं. त्याला सगळंच बंद होतं. पाणी मोजून, मीठ जवळपास नाहीच, बटाटासुद्धा चिरून भिजत घालायचा, ते पाणी फेकायचं आणि मग शिजवायचा. रविवारी घरात मटणाचा रस्सा व्हायचा, लाल तर्रीचा, आमच्या घराण्याच्या मसाल्याचा. त्याच्या ताटात पांढरा भात आणि फिकी भाजी. तो स्वतःचं ताट बाजूला सारायचा आणि माझ्यासमोर बसून मला वाढायचा. अजून घे, हा तुकडा बघ, आज कसा झाला सांग. मी घाम पुसत सांगायचे की झणझणीत झालाय, मसाला थोडा जास्त भाजला गेलाय. तो डोळे मिटून ऐकायचा. मला वाटायचं, बिचाऱ्याचं मन रमतंय.

पुढच्या तपासणीला काट्यावर उभी राहिले तर वजन आधीपेक्षा वाढलेलं. डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ऑपरेशनची बोलणी थांबवली आणि भावाकडे बघून सांगितलं की डायलिसिसवर किती दिवस असंच निभेल हे मी सांगू शकत नाही. आम्ही दोघंही खाली मान घालून बाहेर आलो.

दवाखान्यासमोर पोह्याची गाडी होती. मी पर्समध्ये रुमाल शोधत होते तोवर भाऊ गाडीपाशी जाऊन एक प्लेट घेऊन आला. वरून भरपूर तर्री घातलेली, शेव पसरलेली. माझ्यासमोर धरून म्हणाला, "घे वं ताई. सकाळची उपाशी आली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ती प्लेट त्याच्या हातून घेतली आणि सरळ गाडीशेजारच्या डब्यात टाकली. खाणारे लोक थांबून बघायला लागले. मी त्याला विचारलं, "तुले जगाचं हाय का मराचं हाय?"

त्यानं डब्यात पडलेल्या पोह्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "तू खाते तं मले खाल्ल्यासारखं वाटते."

असं ऐकून माणसाला रडू यायला पाहिजे. मला नाही आलं, मला आणखी राग आला. म्हणजे इतके महिने हा माझ्या तोंडानं जेवत होता आणि त्याच घासांनी स्वतःचं मरण जवळ आणत होता, आणि मी मूर्खासारखी चव सांगत होते! राग आजारावर होता, पण आजारावर ओरडता येत नाही. समोर तो होता, म्हणून त्याच्यावर ओरडले. ऑटोत बसल्यावर त्याला सांगितलं, "आजपासून तुया ताटात जे असन तेच माह्या ताटात. मले रस्सा वाढाचा असन तं तूही खाय अन् मर."

ऑटोवाल्यानं आरशातून एकदा बघितलं आणि पुन्हा समोर बघायला लागला.

त्या रात्री आईनं ताट वाढलं तेव्हा मी भावाची भाजी ओढून घेतली. दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या बाईंना दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, त्याच्यासोबत खा, पण तुमच्या ताटात डाळ, दही, भाज्या भरपूर घ्या, पाणी पोटभर प्या आणि मीठ अगदी सोडू नका. मी मीठ थोडंच ठेवलं. तूप, साखर आणि तर्री मात्र बंद. लाडूंचा डबा मी ऑफिसात नेऊन त्या मोटिवेशनवाल्याच्या टेबलावर ठेवला. त्यानं आनंदानं संपवला.

पहिले काही आठवडे भाऊ माझ्याशी धड बोलला नाही. त्याचा एकमेव आनंद मी हिसकावून घेतला होता आणि हे तो मला बोलूनही दाखवायचा. माझ्या हट्टामुळे घरात रविवारचा रस्सा बंद झाला, त्यामुळे भावजयही धुसफुसत होती. आई तर मला रोज सांगायची की तू वाळून चालली, चेहरा पाह्य आरशात, कोणाची तरी नजर लागली. ऑफिसातून आल्यावर मी मैदानाला चकरा मारायला लागले. एप्रिल-मेत संध्याकाळीसुद्धा ऊन उतरायचं नाही, म्हणून तेव्हा पहाटे उठून जायचे. कोणी विचारलं की एवढा उत्साह कुठून येतो, तर मला हसू यायचं. उत्साह कसला! चालताना मी एकेका नातेवाईकाला मनातल्या मनात फैलावर घ्यायचे. तूप आणणाऱ्या मावशीवर एक चक्कर, सूर्याची चित्रं पाठवणाऱ्यांवर एक चक्कर. राग फार उपयोगी पडतो चालायला.

मधे वजन उतरायचं थांबलं. काहीही केलं तरी काटा हलेना. तेव्हा मी संध्याकाळचं जेवण निम्मं करून बघितलं, तर त्या बाईंनी मला झापलं की असं उतरवलेलं टिकत नाही, दुप्पट होऊन परत येतं. पुन्हा नीट जेवायला लागले. हळूहळू, अगदी जीव कंटाळावा इतकं हळूहळू, वजन उतरलं आणि डॉक्टर हो म्हणाले. तोपर्यंत भाऊ इतका थकला होता की त्याला ती बातमी दोनदा सांगावी लागली.

ऑपरेशन झालं. नवी किडनी चालायला लागली, त्याला लघवी झाली, म्हणून आमच्या आईनं दवाखान्यात पेढे वाटले. मला शुद्ध आल्यावर कळलं, तेव्हा पहिल्यांदा मी रडले.

आता इथे गोष्ट संपायला पाहिजे होती. पण नवी किडनी टिकवायची जी औषधं असतात त्यांनी भूक वाढते, आणि माझ्या भावाला तर जन्माची भूक लागलेली. काही महिन्यांत गाल वर आले, पोट पुढे आलं. डॉक्टरांनी त्याला ताकीद दिली की वजन आवर, शुगर वाढली तर नवी किडनीही खराब होईल. घरात पुन्हा रविवारचा रस्सा सुरू झाला होता. आई त्याला वाढताना थकत नव्हती आणि तो नको म्हणत नव्हता.

एका रविवारी त्यानं पुन्हा वाटी पुढे केली, आणि मी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"पोट तुयं असन," मी म्हटलं. "त्यातली किडनी माही हाय."

आई म्हणाली, देल्लेलं असं बोलून दाखवत नसतात वं. बरोबर आहे, नसतात. मी दाखवलं. अजूनही दाखवते, आणि तो असाच वाटी पुढे करत राहिला तर रोज दाखवीन. चुपचाप देऊन टाकायला मी काय मंदिरात फूल वाहिलं होतं?

भावानं पातेलं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, तूच वाढ.

मी एक पळी त्याच्या वाटीत घातली आणि तेवढीच माझ्या वाटीत. दवाखान्यासमोरच्या त्या सकाळनंतर मी रस्सा तोंडाला लावला नव्हता. आम्ही दोघं भाकरी मोडून हळूहळू जेवलो. रश्श्यात मीठ कमी पडलं होतं. कोणीच मागितलं नाही.